ताटभाडं

माझा पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, पाठ थोपटली आणि म्हणाली, "आता याचे पाच भाग कर. चार तुझे, एक माझा."

मला वाटलं, गंमत करतेय. म्हटलं, तुला काही घ्यायचं होतंच मनात, काय हवं ते सांग.

"भेट नकोय. दर महिन्याला हवेत. राहतेस, जेवतेस, गरम पाणी तर तिघांचं एकटी वापरतेस. कमावत्या माणसानं फुकट जेवू नये, अंगी लागत नाही."

या रकमेला तिनं 'ताटभाडं' असं नाव ठेवलं. पाच वर्षांनी धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा त्यालाही त्याच स्टुलावर बसवलं. त्यानं रीतसर घासाघीस केली. दुपारी मी बाहेर जेवतो, म्हणाला.

"बरं, दुपारचं ताट वजा करते," आई म्हणाली. "आणि रात्री तू किती खातोस ते उद्यापासून मोजते."

पुढच्या महिन्यापासून तो मुकाट पाचवा भाग देऊ लागला.

भाडं भरणाऱ्याला आमच्या घरात काही हक्क होते. जेवून ताट उचललं की त्याचं काम संपलं. कपडे टोपलीत टाकले की ते धुऊन, घडी होऊन येत. जेवणाबद्दल आठवड्याला एक तक्रार करता येई. आई ती पूर्ण ऐकून घेई आणि मग सहसा फेटाळून लावी. बाबांना मात्र तक्रारीचा हक्क नव्हता. ते सगळाच्या सगळा पगार तिच्या हातात ठेवत, पण आईच्या मते तो घराचा होता, ताटाचा नव्हता.

आत्याला हे कळलं तेव्हा ती खास जाब विचारायला आली. "पोटच्या पोरांकडून जेवणाचे पैसे घेतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, त्यांनाही याच भावात जेवू घालीन," आई म्हणाली. "बघू किती जण नावं ठेवत राहतात."

बाबांना या सगळ्याची लाज वाटे. पगाराच्या दिवशी आम्ही आईला पाकीट देत असलो की ते वर्तमानपत्र उघडून त्यामागे जात. बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं आखली होती. साऱ्या शहरानं कधी निघावं आणि कधी पोचावं हे ठरवणारा माणूस, पण घरातल्या घरात पैसे हातावर पडताना बघणं त्यांना झेपत नसे.

आई मागच्या हिवाळ्यात गेली, बाबा निवृत्त झाले त्याच महिन्यात. आजारी पडली आणि अकराव्या दिवशी गेली.

त्या महिन्याचा पगार झाला तेव्हा मी सवयीनं पाकीट टेबलावर ठेवलं. बाबांनी ते बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"आता माझ्या घरात कोणी भाडं भरायचं नाही. मी काय लॉज चालवतोय?"

धाकट्याचं पाकीट टेबलापर्यंत पोचलंच नव्हतं, ते खिशातल्या खिशात परत गेलं. मला भरून आलं. बाबांच्या आवाजात इतका मोठेपणा होता की मी पाकीट उचललं आणि त्या पैशांचे पडदे घेतले. ही आमच्या घरातली मोठी चूक होती, आणि ती आम्ही तिघांनी मिळून, अगदी प्रेमानं केली.

स्वयंपाकघर माझ्याकडे कोणी सोपवलं नाही. ते आपलं आपण आलं. पहिले काही दिवस शेजारून डबे येत होते. डबे थांबले त्या दिवशी मी भात लावला. जो भात लावतो त्याला तांदूळ संपलेले कळतात. ज्याला कळतं तो आणतो. आणणाऱ्याला साबणही संपलेला दिसतो, आणि साबण ज्याच्या हातात त्याच्याकडे कपडे येतात. दीड महिन्यात मी चादरी बदलत होते, गॅसवाल्याला फोन करत होते आणि बाबांची गोळी जेवणाआधी की नंतर, हे मला तोंडपाठ होतं.

"ताई, माझा निळा शर्ट?"

"वाळतोय."

"अजून?"

धाकटा वाईट नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्या बायकांना गप्पा मारत मारत बाहेर काढतो, त्या त्याला आशीर्वाद देतात. पण आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण वरून उघडतं की समोरून, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवसांत त्याला वेगळाच उद्योग होता. आईनं आमचं भाडं आमच्यासाठीच साठवून ठेवलंय अशी त्याची पक्की खात्री होती. सगळ्यांच्या आया तसंच करतात, म्हणाला. त्यानं डबे पालथे केले, उशा चाचपल्या, कपाटामागे टॉर्च मारला. एक पितळी बटण आणि माझं चौथीचं प्रगतिपुस्तक मिळालं.

"ताकास तूर लागू दिली नाही हिनं," तो कौतुकानं म्हणाला.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं चौदा वर्षं भरतंय. गल्लीच्या टोकाला, झेरॉक्सच्या दुकानावर आमची छोटी प्रयोगशाळा आहे. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवतात, आम्ही त्यावर मेणात दात मांडतो आणि मग कवळी घडवतो. प्रयोगशाळेच्या बाई साठीच्या आहेत आणि रस्त्यातून जाणाऱ्या माणसाचं हसू बघून त्याचे खरे दात किती ते सांगतात. आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. त्यांना पोर्सिलेनचं काम सुरू करायचं होतं. एकेक दात थरावर थर चढवून, भट्टीत भाजून करायचा, शेजारच्या खऱ्या दाताशी इतका जुळला पाहिजे की नवऱ्यालाही ओळखू येऊ नये. शिकायला तीन महिने रोज सातपर्यंत थांबावं लागणार होतं. नंतर तो विभाग माझा.

हे काम शिकायला मिळावं म्हणून मी कितीतरी वर्षं वाट बघत होते. "संध्याकाळी जमणार नाही," मी म्हणाले.

बाईंनी कारण विचारलं नाही. "पुढच्या सोमवारपर्यंत विचार करा. मग मी दुसरीला घेते."

त्याच आठवड्यात एका आजोबांची कवळी परत आली. मी दोन्ही सुळे डाव्या बाजूचे बसवले होते. चौदा वर्षांत अशी चूक केली नव्हती. भाजी संपायच्या आत मंडईत पोचायचं म्हणून दात हातात घेताना माझा एक डोळा घड्याळावर होता.

"घरी काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर दोन्ही सुळे डावे कसे?"

रविवार उजाडला तरी मी काही ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं, नाही म्हणायचं. दुपारी मी जेवण वाढत होते, तेवढ्यात धाकटा खालच्या पार्लरवाल्या काकूंना वर घेऊन आला. वीस वर्षं आईचे केस त्यांनीच कापले. केस कापताना माणूस काहीही बोलून जातं, असा त्याचा तर्क होता.

"काकू, तुम्हाला माहीत असणार. आई पैसे कुठे ठेवायची?"

"कुठले रे?"

"आमचे. ताटभाड्याचे. ताई चौदा वर्षं देत होती, मी नऊ. साठवले असतील ना तिनं."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "साठवले? अरे, ती खर्च करायची."

"कशावर?"

"स्वतःवर." त्या खुर्चीत बसल्या. "बुधवारी माझं पार्लर बंद असतं. अकराला आम्ही दोघी निघायचो. बसमध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं, तिथे एखादी बरी जागा शोधायची आणि जेवायचं. पैसे तीच द्यायची, मला देऊ देत नसे. दुसऱ्यानं शिजवलेलं, गरम, कोणीतरी समोर आणून ठेवलेलं. डोळे मिटून खायची. एकदा तर नुसत्या सुपासाठी आम्ही दोन बस बदलल्या."

भावाचं तोंड उघडं राहिलं. बाबांनी मान वर केली.

"कुठल्या बसनं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच. या शहरातला एक शेवटचा स्टॉप सोडला नाही आम्ही. वेळा तिला पाठ असायच्या, तुमच्याच कृपेनं."

"मला कधी म्हणाली नाही."

"म्हणाली असती, तर तुम्ही म्हणाला असता, घरून डबा घेऊन जा."

बाबा अगदी हेच म्हणाले असते.

"पण आमचे पैसे..." धाकटा म्हणाला.

"तुमचे कसले? पगार होता तो तिचा. म्हणायची, घरात सगळे पगारी, मीच एकटी बिनपगारी. पोरं कमावती झाली, आता माझी नोकरी पक्की." काकू उठल्या. "चला, एकीच्या डोक्याला रंग लावून आलेय. अजून बसले तर जांभळी होईल ती."

काकू गेल्या. माझ्या हातात डाव होता. ते दोघं बसलेले होते आणि मी उभी होते, आणि आईच्या खुर्चीशी उभी होते. मला तिचा राग आला नाही. खरं तर तिला दर बुधवारी गरम सूप मिळत होतं हे ऐकून, ती गेल्यापासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मी डाव खाली ठेवला आणि बसले.

"उद्यापासून मी सातपर्यंत कामावर थांबणार आहे. तीन महिने. नवीन काम शिकायचंय."

"आणि जेवण?" धाकट्यानं विचारलं. त्याला माझ्याबद्दल आनंद झाला नसेल असं नाही, पण तोंडून आधी तेवढंच निघालं.

"जो करील त्याला मी पगाराचा पाचवा भाग देईन. मला ताटभाडं भरायचंय."

"अगं पोरी, तुझ्याकडे मागितलंय का कोणी?" बाबा म्हणाले. "हे तुझंच घर आहे. पैसे काय द्यायचे? मी काय लॉज चालवतोय?"

"लॉज असतं तर चादरी मला बदलाव्या लागल्या नसत्या, बाबा."

"टोमणे नकोत."

"टोमणा नाही मारत. आई होती तोवर पैसे देऊन मी या घरात मुलगी होते. तुम्ही फुकट ठेवलंत आणि मी..." मी खाली ठेवलेल्या डावाकडे पाहिलं. "आणि मी तिच्या जागी उभी राहिले. मला नाही जमत ते. मला तिची जागा नकोय."

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणावर ओरडणार? बाबा ताटातल्या भाताकडे बघत राहिले. धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उठून पाण्याचा जग भरून आणला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला.

"एखादी बाई ठेवू स्वयंपाकाला," तो म्हणाला.

"परकं माणूस? तिच्या डब्यांना हात लावणार?" बाबा म्हणाले. "नको."

"मग मला येत नाही, ताईला वेळ नाही." तो हसला. "म्हणजे तुम्हीच राहिलात, बाबा. दिवसभर घरीच तर असता."

तो गमतीनं म्हणाला होता. मी हसले, तोही हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"ताटभाडं. तुमची आई किती घ्यायची?"

चौदा वर्षं ते वर्तमानपत्रामागे होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पाचवा भाग," मी म्हणाले.

"दोघांकडून?"

"माझ्याकडून कशाला?" धाकटा म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, माझ्या घरात कोणी..."

"ते मी मालक म्हणून म्हणालो होतो. आता नोकरीचं बोलतोय." बाबा खुर्चीत ताठ बसले. डेपोत युनियनच्या बैठकांना ते असेच बसत असणार. "बुधवारी सुट्टी पाहिजे. आणि कपडे ताटात येत नाहीत. कपडे ज्याचे त्यानं धुवायचे."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातला जग घेतला आणि स्वतःसाठी पाणी ओतलं.

सोमवारी मी बाईंना हो म्हणाले. संध्याकाळी घरी आले तर फ्रिजवर वेळापत्रक लागलेलं होतं, पट्टीनं आखलेलं, लाल-निळ्या शाईत. नाश्ता सात वीस. रात्रीचं जेवण आठ पाच. खाली टीप होती, 'गाडी कोणासाठी थांबणार नाही.' गाडी खरोखर वेळेवर सुटली, फक्त बटाटे कच्चे होते.

"माझी या आठवड्याची तक्रार," धाकटा म्हणाला.

"नोंद झाली. उत्तर सात दिवसांत मिळेल."

"सात दिवस मी काय खाऊ?"

"चावून खा. ताई दात बनवून देईल."

पहिला महिना कठीण गेला. बाबा पाककृती वाचत त्या कायदा वाचल्यासारख्या. 'चवीपुरतं मीठ' म्हणजे नेमकं किती, यावर ते पुस्तक छापणाऱ्याला पत्र लिहिणार होते. एकदा सूप करपलं. सूप करपू शकतं हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. काकू अधूनमधून वर येऊन झाकणं उघडून बघत, "हं" म्हणत आणि झाकण परत ठेवत. आत्याही येऊन गेली. भाऊ स्वयंपाक करतोय आणि पोरं त्याला पैसे देतायत हे बघून तिला नक्की कोणाला बोलावं तेच सुचेना. शेवटी ती जेवली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

"भाडं भरत नाहीस, तुला तक्रार नाही," बाबा म्हणाले.

दुसऱ्या महिन्यात बटाटे शिजू लागले. तिसऱ्यात बाबांनी स्वतःच्या पगारातून एक चांगली सुरी घेतली आणि ती कोणाला हात लावू देईनात. बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. कुठे जातात, आम्ही विचारलं नाही. धाकट्यानं मशीनचं झाकण शोधून काढलं, निळा शर्ट आणि लाल मोजे एकत्र धुतले, आणि आठवडाभर लिफ्टमधल्या बायकांनी त्याच्या जांभळ्या शर्टाचं कौतुक केलं. भाडं देताना तो अजून कुरकुरतो. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, असं बाबा त्याला म्हणतात, पण पाकीट हातचं सोडत नाहीत.

माझे पहिले आठ पोर्सिलेनचे दात बाईंनी कचऱ्यात टाकले. नववा त्यांनी उजेडात धरला, खिडकीशी नेला, परत आणला. "कोणाचा?" म्हणाल्या. मी नाव सांगितलं. "पाठवून द्या," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मग एका गुरुवारी भट्टी बिघडली आणि मी सहालाच घरी आले. हात धुतले. खुर्चीत बसले. आतून फोडणीचा आवाज येत होता. भाजी आणायची नव्हती, कपडे वाळत घालायचे नव्हते. कोणाची गोळी द्यायची नव्हती. मी उगाच इकडे तिकडे पाहिलं. आई गेल्यापासून असं नुसतं बसणं माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. तिची शेवटची अकरा दिवसांची धावपळ, मग माणसं, मग भात, चादरी, मग भट्टी. आता काहीच नव्हतं, आणि ती नव्हती.

किती वेळ रडले ते सांगता येणार नाही. आवाज केला नव्हता, पण बाबा बाहेर आले. हातात अर्धा सोललेला बटाटा होता. ते दारात थांबले, मग समोरच्या खुर्चीत बसले.

"मला दुपारी येतं," ते म्हणाले. "तीनच्या सुमारास. घरात कोणी नसतं तेव्हा."

"मग?"

"मग काय. सोलत बसतो." त्यांनी बटाट्याकडे पाहिलं. "म्हणून रोज बटाटे असतात. तुम्ही दोघं कंटाळलात ते कळतं मला."

"मी नाही तक्रार केली."

"तू कधीच करत नाहीस. आठवड्याला एक आहे तुझी. करत जा."

मी नाक पुसलं. "बटाटे फार होतात, बाबा."

"नोंद झाली," ते म्हणाले, आणि बसून राहिले. आत काहीतरी करपायला लागल्याचा वास आला. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.